रंजनाबाईंचं शेवटच्या ओळीतलं मरण

"लिख, पन मरेल मान्सेस्वर लिख. जित्ता मान्से वाचतस."

सासूबाईंनी हे मला तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं. मी हसले. म्हटलं, आई, म्हसावदमध्ये वाचतं कोण? पेपर येतो तो पोळ्या गुंडाळायला. आणि मी जिच्यावर लिहिणार होते तिला तर अक्षरओळखच नाही. सासूबाईंनी शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, टरफल माझ्या पुढ्यात टाकलं आणि विषय संपवला. त्यांच्याकडे वाद घालायची ही पद्धत आहे.

मी शहाद्याजवळ लोणखेड्याला राहते. नवरा हेमकांत तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. त्याच कॉलेजातून मी मराठी घेऊन बी.ए. केलं, पुढे एम.ए. केलं आणि त्याच्याही पुढे जिया झाली. सासर म्हसावदचं. बाळंतपणानंतरचे पहिले महिने मी तिथेच होते, आणि खरं सांगायचं तर त्या काळात मला रोज वाटायचं की आज जिया मरणार. झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरायची. बोटाला वारा लागला की माझा जीव जागेवर, आणि लगेच वाटायचं, तो वारा पंख्याचा असला तर? मग पंखा बंद. मग पोर घामेजली म्हणून रडायची. मग मला बरं वाटायचं, कारण रडतेय म्हणजे आहे.

हे सगळं शेजारच्या ओट्यावरून रंजनाबाई बघत असायच्या. गाव त्यांना जिजी म्हणतं. साठी ओलांडलेली बाई, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकटीचं घर. एकदा मी जियाच्या नाकाशी बोट धरून बसले होते तर ओट्यावरूनच ओरडल्या,

"ली ऱ्हायनी ना ती श्वास?"

"हो जिजी."

"मंग तू बी ली एखादा."

मग आल्या, पाय पसरून बसल्या, जियाला पायांवर आडवं घातलं आणि कणीक तिंबावी तशी तेलाने रगडायला लागल्या. मी मध्ये हात घातला तर हातावर चापट. "काचनी बरनी नही शे ती. पोर शे."

त्या दिवसापासून माझा श्वास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

लिहायचं खूळ तिथेच लागलं. एका हाताने पोर छातीशी, दुसऱ्या हातात मोबाईल. त्या अवस्थेत कादंबरी काही होत नाही, पण चार ओळी होतात. मी जिजींचे तुकडे टिपायला लागले. केळीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की जिजी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायच्या.

ड्रायव्हर झिपरू काचेतून डोकं काढून म्हणायचा, "बाजूले व्हय ना, जिजी!"

"व्हस ना. एक फनी दे, मंग व्हस."

फणी मिळायची. जिजी त्यातली दोन केळी हिरव्या मिरचीसोबत खायच्या, बाकीची गल्लीत वाटायच्या. दुसरा तुकडा कानबाईचा. सगळ्या बायका हात जोडून बसलेल्या, आणि जिजी देवीची नवी साडी बोटांनी चाचपून तिलाच विचारतायत, "दर साल नवी साडी लेस, बाई, पन तू नेसस कव्हय?" आणि एक तुकडा जेवणाचा, ज्याच्यामुळे हे सगळं रामायण झालं. जिजी उभ्याने जेवायच्या. तव्यावरून भाकरी उतरवायची, त्याच तव्यात जरा तेल-तिखट, भाकरीने पुसत पुसत दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारत खायचं. ताट नाही, पाट नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. मी तोवर हेमकांत, सासूबाई, सासरे या क्रमाने सगळ्यांना वाढून, जियाला पाजून, गार भाकरी घेऊन बसायची आणि बसल्याबरोबर जिया उठायची.

हे तुकडे मी शहाद्याच्या करणसिंग सरांना पाठवले. सर एक साप्ताहिक काढतात. संपादक तेच, मुद्रितशोधक तेच, छापखानाही त्यांचाच. लग्नपत्रिका आणि शोकपत्रिका यांवर छापखाना चालतो आणि छापखान्यावर साहित्य. सरांनी फोन केला.

"मयूरी, तुकडे झकास आहेत. दिवाळी अंकात घेऊ. पण ही बाई शेवटी काय करते?"

"काही नाही सर. जेवते."

"तसं नाही चालत. हे व्यक्तिचित्र आहे ना? मग बाई जिवंत कशी?"

 सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, माणूस गेल्याशिवाय वाचकाला तो आवडत नाही. शेवटी एक ओळ टाक. आता त्या ओट्यावर कुणी नसतं, वगैरे. बघ कसा चटका बसतो. आणि नाव बदल, म्हणजे झालं ललित."

मी विचार केला. कॉलेजात वाचलेली व्यक्तिचित्रं आठवली. शेवटच्या परिच्छेदात मेला नाही असा माणूस मला काही आठवेना. शिवाय सासूबाई म्हणालेल्याच होत्या, मेलेल्या माणसांवर लिही. म्हटलं, चला, दोघांचंही राहील. नाव केलं मंगलाबाई. आणि शेवटची ओळ लिहिली:

"आता तव्यावर भाकरी फुगते तेव्हा मला ते दार आठवतं. दार आहे, तवाही आहे. दारात उभं राहून जेवणारी मंगलाबाई तेवढी गेली."

लिहून मी रडले. इतकं सुंदर मरण मी कुणाला दिलं नव्हतं. रडून झाल्यावर खिडकीतून पाहिलं तर मंगलाबाई समोरच्या शेळीला शिव्या देत होत्या.

सरांनी आणखी एक उपकार केला. पान जरा रिकामं राहत होतं, म्हणून मजकुराभोवती फुलांची चौकट टाकली. ती चौकट छापखान्यात कशासाठी वापरतात ते शहाद्यात सगळ्यांना माहीत आहे. चारी कोपऱ्यांत समई, शोकपत्रिकेवर असते तशी.

आता जिजींच्या माहेरचं सांगते. धाकटा भाऊ शांतीलाल नंदुरबारला असतो, मोठा फ्लॅट आहे, मुलगा भूपेश दुकान बघतो. नवरा गेल्यावर शांतीलालमामांनी बहिणीला न्यायला गाडी आणली होती. जिजी म्हणाल्या, मी माझ्या घरात राहणार. मामा म्हणाले, मग माझ्या दारी येऊ नको. जिजी म्हणाल्या, बरं. तेव्हापासून बोलणं बंद. जाणं-येणं नाही, एकमेकांचा नंबरसुद्धा नाही.

दिवाळी अंक भूपेशच्या बायकोच्या हाती पडला. तिने वाचलं, सासूकडून ऐकलेल्या किश्श्यांवरून दोन परिच्छेदांतच ओळखलं. नाव मंगलाबाई, पण केळीचा ट्रक अडवणारी, देवीला साडीचं विचारणारी आणि म्हसावदची, अशा दोन बायका देवाने केलेल्या नाहीत. तिने पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: आपल्या रंजनाआत्या गेल्या. लेखिकेने आदराने नाव बदलले आहे. खाली हात जोडलेले. मग त्याच्याखाली सुरतेपासून हात जोडायला सुरुवात झाली.

तुम्ही विचाराल, नंबर मिळवून एक फोन का नाही केला? मीही विचारलं. भूपेशच्या बायकोने मला उत्तर दिलं, "मेलेल्या माणसाला फोन कोण लावतं?"

माहेरच्यांनी सूतक धरलं. मामींनी नुकत्या तळलेल्या चकल्या शेजारी वाटून टाकल्या. आकाशकंदील उतरवला. जिजींना मूल नाही, तेव्हा भाच्यानेच करायला हवं, म्हणून भूपेशने मुंडन केलं.

आणि भाऊबीजेच्या सकाळी सगळे दारावर आले.

माणूस गेलं की नातेवाईक त्या घरी भेटीला जातात, त्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. त्याची शिस्त असते. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवायची. बायकांनी उतरल्याबरोबर पदर तोंडावर पार हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तिथूनच रडत रडत घरापर्यंत यायचं. घरातल्या बायकांनी तसाच पदर ओढून पुढे व्हायचं आणि गळ्यात पडायचं. कोण कुणाच्या गळ्यात पडलंय हे आवाजावरून ओळखायचं.

आम्ही दिवाळीला म्हसावदला आलो होतो. मी ओट्यावर बसले होते आणि शेजारी जिजी जियाला तेल रगडत होत्या. गल्लीच्या तोंडाशी क्रूझर गाडी थांबली. पदर ओढलेल्या सात-आठ बायका उतरल्या आणि एकदम सूर लागला. "मन्ही जिजी वं... कोठे गयी वं..."

जिजींनी मान वर केली. "कोन गयं वं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. आणि देवाशप्पथ, तोवर मला खरंच माहीत नव्हतं.

"कोनी आजारी बी नव्हतं गल्लीमा." जिजींनी पोर माझ्याकडे दिली, तेलाचे हात साडीला पुसले. "धर हिले. रडाले जावं लागी."

आणि पदर ओढून त्या निघाल्या. गल्लीत रडणं आलं आणि जिजी त्यात नाहीत असं कधी झालेलंच नाही. पुढे झाल्या, पहिल्या बाईच्या गळ्यात पडल्या, आणि आवाज असा लावला की मागच्यांचे सूर चुकले. दोघी एकमेकींना धरून डोलत होत्या. रडण्याच्या दोन लाटांच्या मधे जिजींनी हळूच विचारलं,

"कोन गयं व माय?"

"जिजी गयी वं..."

"कोनती जिजी?"

"मन्ही ननद वं... रंजनाजिजी..."

रडणं थांबलं. जिजींनी आधी स्वतःचा पदर वर केला, मग समोरचीचा. दोघींनी एकमेकींना बघितलं. मामी जागच्या जागी मातीत बसल्या. जिजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"मन्हं मरन, आनि मालेच खबर नही?"

त्यानंतर दोनतीन मिनिटं काय झालं हे सांगता येत नाही, कारण सगळे एकदम बोलत होते आणि जिया घाबरून रडत होती. दोन बायकांनी मात्र सवयीने रडणं चालूच ठेवलं होतं. त्यांना वाटलं, हाही एक प्रकार असेल. पुरुषमंडळी मागून आली. भूपेश पुढे झाला तर जिजींनी त्याला खालून वर पाहिलं.

"हाऊ टकलू कोन शे?"

"आत्या, मी भूपेश."

"तुन्हा बाप ते जित्ता दिखी ऱ्हायना. टक्कल कोनासाठे?"

"तुमनासाठे."

माझी सासू आत निघून गेली. ती हसायला गेली होती, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

शांतीलालमामा मात्र निंबाखाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागले. ते मघापासून रडत होते, पण मघाचं रडणं दारावरचं होतं. जिजी त्यांच्याजवळ गेल्या, उभ्या राहिल्या. हात उचलला, पाठीवर ठेवायचा की नाही ते ठरेना, तसाच परत खाली घेतला. भाऊबीजेला भाऊ आला होता, निमित्त तेवढं चुकलं होतं.

मग चहा झाला. दारावर आलेल्यांनी त्या घरचा चहा घ्यायचा नसतो, म्हणून सगळे कप हातात धरून एकमेकांकडे बघत बसले. जिजी ओरडल्या, "प्या! मी मरेल नही, चालस." तेव्हा प्यायले.

आणि मग व्हायचं ते झालं. भूपेशच्या बायकोने मोबाईल काढला, पान दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं जिजी आता माझं काय करतील. त्यांनी फक्त पाय पसरले, जियाला परत पायांवर घेतलं आणि म्हणाल्या, "वाच व मयूरी. काय लिखं तू मन्हावर?"

मी वाचलं. लेखकाला असा वाचकवर्ग मिळू नये. ट्रकला जिजी खूश. कानबाईला सगळे हसले, मामीसुद्धा. जेवणाच्या तुकड्यापाशी मी जरा सावकाश वाचलं, कारण तो मला जास्त आवडायचा. मग शेवटची ओळ. ती मी पुटपुटले.

"जोरबन वाच."

वाचली.

जिजींनी विचार केला. "पन मी मरनू कसाघाई?"

"ते... ते लिहिलं नाहीये जिजी."

"कारन बी नही? आसी कसी मारी टाकी तू माले? दोन दिन आजारी ते पाडती!"

सगळे हसले. मीही हसले, सुटल्यासारखी. पण निंबाखालून आवाज आला.

"तू उभी ऱ्हाईसन जेवस?"

शांतीलालमामा उठून उभे होते.

"काय?" जिजी म्हणाल्या.

"तवामा जेवस? ताट बी नही?"

"मन्हं पोट शे. बठीसन भरो का उभं ऱ्हाईसन भरो, भरस ना?"

"मन्ही बहीन भिकारनीनंगत दारमा उभी ऱ्हाईसन खास, आनि गावनी पोर ते पेपरमा छापस!"

मी म्हणायला गेले की मामा, तसं नाही, मला त्यात त्यांचं स्वातंत्र्य दिसलं. हे वाक्य पुस्तकी मराठीत बरं वाटतं. त्या ओट्यावर, त्या लोकांसमोर, ते माझ्या तोंडातून निघालंच नाही. मी जे बघून जळत होते ते बघून त्यांची मान खाली गेली होती. तवा तोच, भाकरी तीच. मी शब्दही चांगले निवडले होते.

मामांनी हट्ट धरला. चल माझ्यासोबत. जिजी नाही म्हणाल्या. मामा खाली बसले, मी जेवणार नाही म्हणाले. गल्ली गोळा झाली, आणि गल्लीचं कसं असतं, एरवी जिजींच्या जिवावर हसणारी सगळी मंडळी एकदम शहाणी झाली. एकटी बाई आहे, खरंच काही झालं तर कळणार कुणाला. भाऊ एवढा रडतोय. माझे सासरेही म्हणाले.  मीच एकदा मारून टाकलेल्या माणसाच्या बाजूने मी बोलायचं तरी काय? आणि भाऊ खरंच रडत होता, ते जिजींना सोसवत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आठ रोज. आठ रोजनावर एक दिन नही."

पिशवीत दोन साड्या घेतल्या, कुलूप लावलं. निघताना मंडळींची आणखी एक पंचाईत झाली. दारावरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, आणि जिवंत बाईच्या घरून न म्हणता निघणं बरं दिसत नाही. तेव्हा सगळे तसेच गाडीत जाऊन बसले.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. कुलूप तसंच आहे.

सुरुवातीला मी भूपेशला फोन करायची. "आत्या आराम करी ऱ्हायनी." सकाळी केला तरी आराम, संध्याकाळी केला तरी आराम. जी बाई दिवसा डोळा मिटायला तयार नसायची ती एवढी कशाने थकली? जिजींच्या स्वतःच्या मोबाईलचं विचारलं तर म्हणाला, तो त्यांना ऐकू येत नाही म्हणून ठेवून दिलाय. शेळीचा पाय वाजला तरी त्यांना गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचं.

मग मी जियाला घेऊन नंदुरबारला गेले. तिसरा मजला, लिफ्ट आहे, दाराला जाळीचं दुसरं दार आहे. मामींनी प्रेमाने आत घेतलं. माणसं वाईट नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असती तर मी पोलिसांत गेले असते. जिजी जेवणाच्या टेबलाशी होत्या. खुर्चीवर. समोर भरलेलं ताट, दोन भाज्या, वरण, पापड, आणि मामी, सून, भूपेश असे तिघे आजूबाजूला उभे राहून त्यांना जेवताना बघत होते. परीटघडीची साडी. हात बारीक झालेले.

"कशा आहात जिजी?"

जिजींनी मामींकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "मजामा." मग जरा वेळाने, ताटाकडे बघत, "माले आते कोनी उठू देत नही."

"पाय घसरला तर, म्हणून," सून म्हणाली. "या वयात."

मी जियाला त्यांच्या मांडीवर द्यायला गेले तर मामींनी मधल्या मधे घेतली. आत्यांना वजन नको. जिया त्यांच्याकडे बघून हात हलवत राहिली. जिजींनी ताटातला घास उचलला आणि परत ठेवला. निघताना त्या जाळीपर्यंत यायला उठल्या, तर तिघेही एकदम म्हणाले, बसा, बसा. त्या बसल्या. मी आजवर जिजींना कुणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोनदा गेले. आता दार उघडणारी सून आत वळून हाक देते, "लेखिकाबाई आल्यात हं," आणि सगळं घर एकदम जपून बोलायला लागतं. चहा बशीत नीट ठेवला जातो. जिजी झोपल्यात असं सांगतात. मीही चहा पिऊन येते. खोलीचं दार ढकलायची हिंमत होत नाही, कारण या घरात माझी पत मला माहीत आहे. हेमकांत म्हणतो, तू जियाच्या नाकाशी बोट धरायचीस ना, तसंच हे, उगाच घाबरतेस. असेल. मला घाबरायची सवय आहे. पण जियाच्या नाकाशी बोट धरता तरी यायचं.

करणसिंग सरांचा परवा फोन आला. पुढच्या अंकासाठी काही आहे का? म्हटलं, आहे. हे. सर म्हणाले, शेवट काय? मी म्हटलं, शेवट नाही सर, बाई जिवंत आहे. सर म्हणाले, मग चटका कसा बसणार? मी फोन ठेवला आणि हे तसंच पाठवून दिलं.

म्हणून आता तुम्हालाच सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, आणि तेच बरं आहे. नंदुरबारला कुणाच्या लग्नाला, दवाखान्याला, कोर्टाला, कशालाही जाल. शांतीलालमामांचा पत्ता आणि माझा नंबर मी सरांच्या छापखान्यात ठेवला आहे, मागा, देतील. दुपारी जा, तेव्हा पुरुष दुकानात असतात. बेल वाजवा आणि म्हणा, म्हसावदहून आलोय, रंजनाबाईंना भेटायचंय. झोपल्यात असं सांगतील. म्हणा, थांबतो. चहा देतील, घ्या. चांगला असतो. पण त्यांना बाहेर आणेपर्यंत उठू नका. आल्या की कुणी काही म्हणालं तरी त्यांच्याशीच बोला, आणि त्यांना विचारा, जिजी, घरी जायचंय का? काय म्हणतात ते नीट ऐका. काहीच बोलल्या नाहीत तर तोंडाकडे बघा. आणि मला कळवा. रात्र असो, सकाळ असो, कधीही कळवा.